टिटवी गप्प झाली ती सकाळ

“अजून काही नाही?” आवटी सरांनी विचारलं.

“नाही.”

हेडफोन माझ्या कानावर होते आणि कानात नुसती खरखर. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची अँटेना दिसत होती. ती शहाण्यासारखी हळूहळू फिरत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं की उपग्रह क्षितिजाच्या वर आहे. मग ही बया बोलत का नाही? माझ्या शेजारी शलाका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

बया म्हणजे टिटवी, आमचा उपग्रह. मिरजेच्या पुढं माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या पोरापोरींनी आणि आम्ही दोघा-तिघा शिकवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून हा उपग्रह केला होता. आकार म्हणाल तर मिठाईच्या खोक्याएवढा. माळावर टिटव्या फार, दिवसभर ओरडून डोकं उठवतात, म्हणून नाव टिटवी. पुढं दोन-अडीच वर्षं ती बोलली आणि मग सगळ्या लहान उपग्रहांसारखी खाली येता येता जळून गेली. पण मी सांगतेय ती गोष्ट तिला रॉकेटनं वर सोडल्यानंतरच्या पहिल्याच दिवसांतली आहे. दसऱ्याची सकाळ होती.

आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी, ती पहिल्यांदा बोलली होती. आमच्या डोक्यावरून जाते तेव्हा जेमतेम दहा मिनिटं तिचा आवाज पोचायचा. तेवढ्यात टिट्-टिट् असा आवाज आला आणि मी सरळ खुर्चीवर उभी राहिले. एवढी मोठी बाई, लेक्चरर, खुर्चीवर! पोरं गच्चीवर नाचत होती. आमचे प्रमुख आवटी सर चष्मा काढून पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. शलाका तेवढी पडद्याकडे बघत राहिली. टिटवी आवाजाबरोबर आपल्या तब्येतीचे आकडे पाठवायची. ते आकडे वाचून शलाका म्हणाली, “हीटर चालू आहे. बंदच होत नाहीये.”

आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

वर अंतराळात बॅटरी गारठते, म्हणून तिला ऊब द्यायला एक छोटा हीटर होता. गार पडलं की लागायचं, गरम झालं की बंद व्हायचं, एवढं साधं काम. त्याचा प्रोग्रॅम शलाकाचा. पण रॉकेटच्या हादऱ्यात तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर सुटली असावी. तो सारखा ‘गारठलोय, गारठलोय’ सांगत होता आणि शलाकाच्या प्रोग्रॅमनं त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. सेन्सर खोटं बोलायला लागला तर काय करायचं, ते तिनं लिहिलंच नव्हतं. आता हीटर रात्रंदिवस बॅटरी पिणार, आणि बॅटरी संपली की टिटवी मेली. वाचवायचा उपाय एकच, जमिनीवरून हुकूम पाठवून हीटर कायमचा बंद करणं. तो हुकूम फक्त आमच्याकडूनच जाऊ शकत होता, आणि तोही सकाळच्याच फेऱ्यांना. रात्री ती सावलीत असायची, तेव्हा बॅटरी वाचवण्यासाठी झोपून राहायची.

शलाका हुपरे आणि मी एकाच वर्गात शिकलो, एकाच कॉलेजात चिकटलो. स्वभाव मात्र दोन टोकांचे. मी भांडून मोकळी होते, ती मनात ठेवते. त्या दिवशी तिनं हुकूम लिहिला, लॅबमध्ये ठेवलेल्या टिटवीच्या जुळ्या बहिणीवर, म्हणजे तशाच दुसऱ्या उपग्रहावर, पुन्हा पुन्हा तपासला, आणि दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही. मी खूप समजावलं की अगं, वायर रॉकेटमुळं सुटली, तुझ्यामुळं नाही. ती म्हणाली, वायर कुणाचीही सुटते, तेवढ्यानं जीव जात नाही. टिटवी गेली तर माझ्या हातून गेली. हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिच्यावर ओरडताही येईना.

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये खंडेनवमीची पूजा होती. आमच्याकडे याचं मोठं प्रस्थ. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. आणि पूजेला बसलेलं हत्यार चालवायचं नाही, त्याला तेवढा वेळ विसावा द्यायचा. आमची उपग्रहाची खोली तेवढी यातून वगळलेली, कारण आवटी सरांना असल्या गोष्टींचा तिटकारा. शलाकानं सरांना हळूच विचारलं, आपल्याही मशीनची पूजा करूया का. सर आधीच कावलेले. पोरांसमोर, सगळ्यांदेखत म्हणाले, “हीटर फुलांनी बंद होत नाही, शलाका.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती जुळ्या बहिणीकडे निघून गेली. मला सरांचा असा राग आला की काय सांगू. पण त्या दिवशी रागवायलाही सवड नव्हती.

हे झालं खंडेनवमीचं. आता दसऱ्याची सकाळ उजाडली होती, हुकूम तयार होता, टिटवी डोक्यावरून चालली होती आणि मला ऐकू येत होती फक्त खरखर. पडद्यावरची हिरवी अक्षरं लाल झाली. फेरी संपली.

“मेली का?” शलाकानं विचारलं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

थोड्या वेळानं सरांचा फोन वाजला. मॉरिशसचे बाबाजी काका. यांच्याबद्दल सांगायला हवं. यांचे पूर्वज कोकणातून तिकडं उसाच्या मळ्यांवर गेलेले. काका निवृत्त मास्तर, आणि घराच्या छपरावर अँटेना लावून जगभरचे आवाज ऐकायचा नाद. टिटवी आमच्या आकाशातून दक्षिणेला समुद्रावर उतरली की थोड्याच वेळात त्यांच्या आकाशात जायची. म्हणून सरांनीच त्यांना इंटरनेटवर शोधून काढलं होतं. त्यांचं मराठी जुनं, अडखळत बोलायचे, पण ऐकायला गोड. सरांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“मास्तर, तुमची पोरगी बोलते,” काका म्हणाले. “मी आयकला. पण बारीक बोलते. बॅटरी खाली, लय खाली.” आणि त्यांनी आकडे वाचून दाखवले.

म्हणजे टिटवी जिवंत होती! ती तिकडं समुद्रापार ऐकू येत होती आणि आमच्या स्वतःच्या घरात नाही. म्हणजे खोट आमच्यात होती. मला एकाच वेळी नाचावंसं वाटलं आणि डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटलं. शलाका मात्र उठून उभी राहिली. तिनं काकांचे आकडे मनात फिरवले आणि म्हणाली, “पृथ्वीमागचा आणखी एक अंधार ती सोसेल. दुसरा नाही.”

टिटवीला पृथ्वीभोवती फिरायला साधारण दीड तास लागायचा, आणि दर फेरीत एकदा सावलीतला अंधार. सकाळची अजून एकच फेरी उरली होती. तेवढ्यात ऐकू आली नाही, तर मग कायमचीच नाही.

“मशीनला कुणी हात लावला?” सर कडाडले. सगळे बिचकले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीच लावला नव्हता. सरांचंच तसं फर्मान होतं, त्या खोलीत गौतमीशिवाय कुणी शिरायचं नाही. गौतमी म्हणजे मी. सर माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी म्हणाले, माझ्याकडे बघू नका, मला काम करू द्या. सरांशी असं बोलणारी कॉलेजात मी एकटीच.

आणि आता त्या मशीनबद्दल. कॉलेजनं आम्हाला परीक्षा विभागातला जुना कॉम्प्युटर दिला होता, तोही अटीवर, की त्यातलं विंडोज काढायचं नाही. आमचा सगळा कारभार लिनक्सवर. मग मी त्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर बसवला, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. बाहेर विंडोज, आत लिनक्स. आतल्याला वाटतं आपला संसार वेगळा, पण चूल बाहेरच्याचीच. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या जावेसारखं. अँटेना कुठं वळवायची, रेडिओवर काय ऐकायचं, हुकूम कसा पाठवायचा, हे सगळं आतला लिनक्स बघायचा. त्याला इंटरनेट दिलेलं नव्हतं, उगाच कुणी बाहेरून शिरून टिटवीला भलतंसलतं सांगू नये म्हणून. लागेल ती माहिती पेनड्राइव्हनं आत जायची.

मी कंबर कसली. आधी कान तपासले. एका पोराला वॉकीटॉकी घेऊन मैदानाच्या टोकाला पाठवलं आणि बोलायला सांगितलं. हेडफोनमध्ये त्याचा आवाज लख्ख आला. म्हणजे रेडिओ शाबूत. मग गच्चीवर जाऊन वायरी बघितल्या, एकेक जोड हातानं हलवून बघितला. सगळं घट्ट. मग अँटेनाला हातानं हुकूम दिले, डावीकडे, उजवीकडे, वर. ती गुणी लेकरासारखी वळली. सगळं बरोबर, आणि तरी सगळं चूक. असलं दुखणं सगळ्यात वाईट.

“रिस्टार्ट करते,” मी म्हणाले.

“अजिबात नाही,” सर म्हणाले. “उठलंच नाही तर? चालतंय ते बंद करू नकोस.”

त्यांचंही खरं होतं. ते मशीन एकदा झोपलं की उठताना शंभर नखरे करायचं. मी दात ओठ खात गप्प बसले. पुढं जे कळलं ते ऐकल्यावर या एका नकारावर मी किती वेळा कपाळ बडवलं असेल.

शलाका भिंतीपाशी उभी होती. भिंतीवर टिटवीच्या फेऱ्यांचं वेळापत्रक लावलेलं होतं, कुठली फेरी आकाशाच्या कुठल्या बाजूनं जाणार ते त्यात चित्रासकट. ती एकदा भिंतीकडे बघे, एकदा माझ्या पडद्याकडे. मला वाटलं, रडणार आता. पण ती म्हणाली, “गौतमी, आता येणारी फेरी पश्चिमेची आहे ना?”

“हो.”

“मग तुझा पडदा ती डोक्यावरून का दाखवतोय?”

मी बघितलं. खरंच की! पडद्यावर टिटवीची पुढची वाट बरोबर आमच्या डोक्यावरून जात होती. भिंतीवर ती पार पश्चिमेला, क्षितिजाला धरून. डोक्यावरची फेरी तर मघाशीच होऊन गेली होती.

“मघाशी अँटेना कुठं बघत होती?” शलाकानं विचारलं.

मला आठवलं. खिडकीतून दिसलेली अँटेना पूर्वेला झुकून फिरत होती, खाली, टेकडीकडे तोंड करून. टिटवी डोक्यावर होती आणि आम्ही टेकडीशी बोलत होतो. फिरतेय एवढंच आम्ही बघितलं, कुठं फिरतेय ते एकानंही बघितलं नाही.

आधी वाटलं, टिटवीच्या कक्षेची माहिती शिळी झाली असेल. ताजी माहिती पेनड्राइव्हनं आत घातली. पडद्यावरची वाट तसूभर हलली नाही. सर येरझाऱ्या घालत होते, त्यांच्या चपलांच्या आवाजानं माझं डोकं भणभणलं. मी म्हणाले, सर, एका जागी बसा नाहीतर बाहेर जा. ते बसले.

मग माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. आता या घड्याळाचं असं, की उपग्रहवाले जगभर एकच वेळ लावतात, ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. त्यामुळं ते घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी कधीच जुळायचं नाही, आणि ते जुळत नाही याची आम्हा सगळ्यांना इतकी सवय झाली होती की त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. मी बोटांवर साडेपाच तास मिळवले. उत्तर चुकलं. पुन्हा मिळवले. पुन्हा तेच आलं.

“ह्याचं घड्याळ मागं पडलंय,” मी म्हणाले. “दीड तास.”

शलाका पटकन माझ्या खांद्यावरून वाकली. माझ्याआधी सगळं तिच्या लक्षात आलं होतं. दीड तास म्हणजे टिटवीची एक फेरी. आतला लिनक्स बरोबर एक फेरी मागं जगत होता. आता येणार म्हणून तो सांगत होता ती फेरी दीड तासापूर्वीची, आणि दीड तासापूर्वी त्यानं अँटेना वळवली ती त्याच्याही आधीच्या, टेकडीआडून जाणाऱ्या आणि म्हणून आम्ही कधी धरतच नसलेल्या फेरीकडे. थोडं कमी-जास्त असतं तर अँटेना भलत्याच वेळी फिरली असती आणि आम्हाला लगेच कळलं असतं. इथं वेळ तंतोतंत जुळत होती, दिशा तेवढी हुकत होती. असा योग ठरवून जुळवायचा म्हटलं तरी जुळणार नाही.

“काल वीज गेली असेल,” सर म्हणाले.

“वीज जाऊन बंद पडलं असतं तर उलट बरं झालं असतं. उठताना ते बाहेरच्या विंडोजला वेळ विचारून घेतं. हे बंद नव्हतं पडलं, सर. हे कुणीतरी थांबवून ठेवलं होतं. पॉझ दाबला, आणि दीड तासानं पुन्हा चालू केलं. आतल्याला पत्ताच नाही की मधे दीड तास गेला. तो जिथं थांबला होता तिथून पुढं मोजत बसलाय.” आणि मग मला आवरेना. “कुठल्या गाढवानं हे केलंय ते मला कळू दे फक्त. त्याला गच्चीवरच्या खांबालाच बांधते.”

पोरं खाली बघत होती.

“मी,” आवटी सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“काल संध्याकाळी,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे गेल्यावर. पूजेला बसवलेलं हत्यार चालू ठेवत नाहीत, असं आई सांगायची. बंद करायची भीती वाटली. म्हणून पॉझ केलं.”

“तुम्ही पूजा केलीत?” माझ्या तोंडून निघून गेलं. “तुम्ही?”

सर माझ्याकडे बघत नव्हते. शलाकाकडे बघत होते. “हिनं मागितली होती ना. आणि मी हिला सगळ्यांदेखत तोडून टाकलं. नंतर मलाच राहवेना. हुकूम तुम्ही लिहिला, तपासला, अँटेना तुम्ही बघितली. माझ्या हातात दुसरं काय उरलं होतं? हिच्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच होतं, ते केलं.”

“पण दीड तास, सर?”

“एक उदबत्ती लावली. ती संपली तरी उठवेना. मग दुसरी लावली.”

गाढव, खांब, सगळं माझ्या घशात अडकलं. साठीला आलेला हा तिरसट माणूस, एकटा, त्या खोलीत, कॉम्प्युटरपुढं हात जोडून बसलेला, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मला त्यांचा राग येईना, हसू येईना, काही येईना. टिटवी गेली असती तर आता ती शलाकाच्या हातून गेली नसती, त्यांच्या हातून गेली असती, हे त्यांना कळून चुकलं होतं.

शलाकानं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. “गौतमी, घड्याळ लाव.”

तिच्या आवाजात कालपासूनची मरगळ नव्हती. मी कीबोर्ड ओढला.

आता रिस्टार्टला वेळच नव्हता. मी हातानंच वेळ घातली. घड्याळानं दीड तासाची उडी मारली आणि अँटेना फिरवणारा प्रोग्रॅम गोंधळून जागच्या जागी गोठला. तो बंद करून पुन्हा चालू केला. तो उठला, पण आता रेडिओच गायब! धाकटीच्या हातून सुटलेला रेडिओ मोठीनं, म्हणजे बाहेरच्या विंडोजनं, झडप घालून स्वतःकडे घेतला होता. मी तो विंडोजकडून काढून परत आत द्यायला लागले तर विंडोज मधेच तोंड वर करून विचारतंय, नवीन अपडेट आलेत, आता रिस्टार्ट करू का? मी अशी शिवी हासडली की मागची पोरं हसायला लागली. शलाकासुद्धा हसली. नाही म्हणून बटण दाबलं, रेडिओ आत दिला, आत पोचला की नाही बघितलं. पोचला.

“अँटेना बघा,” मी ओरडले.

सर स्वतः खिडकीशी धावले. “वळतेय. पश्चिमेला वळतेय. थांबली.”

पडद्यावर अक्षरं हिरवी झाली. मी हेडफोन काढून स्पीकर लावला, म्हटलं ऐकू दे सगळ्यांनाच, काय व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे. खरखर. खरखर. आणि मग, इतका बारीक की आधी भास वाटावा असा, टिट्-टिट्.

“आली!” 

हे कोण म्हणालं ते आजही माहीत नाही. बहुतेक सगळेच म्हणालो.

शलाकानं मला ढकलूनच खुर्ची घेतली. तिनं हुकूम पाठवला. थांबली. पुन्हा पाठवला. हुकूम मिळाला की टिटवीनं उलट उत्तर द्यायचं, असं आम्ही ठरवलेलं होतं. उत्तर येत नव्हतं. टिट्-टिट् बारीक होत चाललं होतं. बॅटरी इतकी खाली गेली होती की उत्तर द्यायचं बळ तिच्यात उरलं नसेल, किंवा तिनं ऐकलंच नसेल, दोन्ही शक्य होतं. शलाका पाठवत राहिली. तिचे ओठ हलत होते. मी तिच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभी होते, जणू मी धरून ठेवलं की टिटवी थांबेल. आवाज खरखरीत मिसळला, पुन्हा एकदा डोकावला आणि गेला. पडदा लाल झाला.

उत्तर आलं नव्हतं.

सर फोन हातात घेऊन उभे होते. त्याच्याकडे बघणं सोडून आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तर तो लग्नातल्या मंगलाष्टकांपेक्षा मोठा वाटला. मग फोन वाजला, सरांनी उचलला आणि लगेच कटला. आमच्या माळावर रेंजचं हे असंच. सरांनी फोन उंच धरला, खिडकीबाहेर काढला. पुन्हा वाजला.

“मास्तर,” काकांचा आवाज आला, “मी आयकला.”

“बोला काका.”

“हीटर,” काका म्हणाले आणि थांबले. मागून त्यांच्या घरातल्या बायकामाणसांचा गलका ऐकू येत होता. “हीटर शून्य दाखवते.”

शलाकानं सरांच्या हातातून फोन काढून घेतला. “काका, पुन्हा वाचा. काय दाखवते?”

“शून्य गो बाय. झिरो. बंद झाली. बॅटरी थोडी वर पण चढली.”

“पुन्हा एकदा वाचा.”

काकांनी पुन्हा वाचलं. मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, ते न सांगता तिसऱ्यांदाही वाचून दाखवत राहिले, हळूहळू, लहान पोराला पाढे सांगावेत तसे. शलाका फोन कानाला लावून खाली फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मीही बसले. तिला घट्ट धरलं. पोरं शिट्ट्या वाजवत गच्चीकडे पळाली. मला आयुष्यात पुष्कळ आनंद झाले, लग्न झालं, लेक झाली, पण त्या फरशीवर बसून मला जेवढं आभाळ ठेंगणं झालं होतं तेवढं नंतर कधी झालं नाही. खरं सांगते.

थोड्या वेळानं भानावर आलो तेव्हा सर खोलीत नव्हते. आम्ही डोळे पुसले, माझ्या डब्यातल्या पुरणपोळ्या काढल्या, आणि शलाका कालपासून पहिल्यांदाच, अधाशासारखी जेवली. बोटं चाटत असतानाच सर दारात आले. शर्टाला काटक्या लागलेल्या, चपलांना चिखल. होस्टेलच्या मागं आपट्याचं झाड आहे, तिथं जाऊन आले होते. मुठीत पानं होती.

दसऱ्याला लहानांनी मोठ्यांना सोनं द्यायचं आणि पाया पडायचं, ही रीत. आम्ही दोघी उठायला लागलो, तर सरांनी हातानंच बसा म्हटलं. ते शलाकासमोर आले आणि वाकून त्यांनीच तिच्या खरकट्या हातात पानं ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांना कुणापुढं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

“काल बोललो ते...” सर म्हणाले.

शलाकानं पानं मुठीत धरली. “पूजा तुम्ही करत जा, सर,” ती म्हणाली. “घड्याळ मी लावत जाईन.”